दिवाळें एका दिवसांत निघत नाहीं

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून ओळखलें जातें. नामदेवांचें घराणें शिंप्याचें; कापडाच्या व्यवहारावर घर चाले. वडिलांनीं एकदां त्यांना कापडाचें गांठोडें देऊन बाजारास धाडलें, अशी एक आख्यायिका आहे. नामदेवांचें सारें चित्त विठ्ठलापाशीं. गिऱ्हाईक कोठून मिळणार? वाटेंत उघडे पडलेले धोंडे दिसले, तेव्हां त्यांनीं सगळें कापड त्या धोंड्यांनाच पांघरलें, पैशांचा वायदा ठरविला आणि एक धोंडा जामीन म्हणून उचलून घरीं आणला. वडिलांचा संताप अनावर झाला. पण कोंडून ठेवलेला तो धोंडा पाहावयास जावें तों तो सोन्याचा झालेला!

भक्तांच्या जगांत असें घडतें, यांत नवल नाहीं. व्यापाऱ्यांच्या जगांत मात्र धोंडा धोंडाच राहतो. तथापि उधार दिलेला माल, पुढचा वायदा आणि घरीं आणलेला जामीन या ज्या तीन गोष्टी ह्या आख्यायिकेंत आल्या आहेत, त्यांच्याभोंवतींच लहान धंद्याचें सारें सुखदुःख आजहि फिरत असतें. म्हणून एखादा लहान धंदा संकटाच्या वाटेला लागला आहे हें वेळीं कसें ओळखावें, या प्रश्नाचा विचार त्यांच्यापासूनच सुरू करणें सोयीचें होईल.

एखाद्या दुकानाला कुलूप लागलें कीं, 'अमक्याचें एकाएकीं दिवाळें निघालें' असें लोक म्हणतात. यांतला 'एकाएकीं' हा शब्द बहुधा खरा नसतो. एकाएकीं कळतें तें लोकांना. दिवाळें कित्येक महिने आधींपासून निघत असतें. मालकाला त्याची चाहूल लागलेली असते, त्याच्या मुनिमाला लागलेली असते, आणि पुष्कळदां घरांतल्या गृहिणीला या दोघांच्याहि आधीं लागलेली असते. परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची, या समजुतीनें कोणीच तोंड उघडीत नाहीं. मूठ उघडते तेव्हां तिच्यांत वाचविण्याजोगें कांहीं उरलेलें नसतें.

हिंगोली जिल्हा परभणींतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजीं अस्तित्वांत आला. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पांच तालुके. येथील बाजारपेठेचा श्वास शेतीच्या पिकावर चालतो. सोयाबीन, कापूस, तूर हीं पिकें आहेतच. पण या जिल्ह्याची खरी ओळख हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ही हळद मे-जून महिन्यांत लावतात आणि सुमारें नऊ महिन्यांनीं, जानेवारी ते मार्चच्या सुमारास, काढतात. मग ती शिजवावयाची, उन्हांत वाळवावयाची, पॉलिश करावयाची आणि तेव्हां कुठें ती काट्यावर चढते. ओल्या हळदीच्या १० किलोंतून वाळलेलीं हळकुंडें मिळतात दोन-अडीच किलोच. पैसा असा वर्षभर जमिनींत आणि खळ्यांत गुंतून राहिला म्हणजे साहजिकच किराणा, कापड, खत, बियाणें, अवजारें, सारें कांहीं उधारीवर चालतें. उधारी हा येथील धंद्याचा दोष नव्हे. ती येथील धंद्याची रीतच आहे. दोष शिरतो तो उधारीच्या दिवसांत.

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, वसमत येथें हळकुंडें दळून हळदीची पूड विकणारा एक लहान कारखाना आहे. हळकुंडें, मजुरी, वीज, पिशव्या असा सारा मिळून त्याचा महिन्याचा खर्च ३ लाख रुपये. पूड विकून येतात ३ लाख ३० हजार. म्हणजे महिन्याला ३० हजारांचा नफा. त्यांतले २० हजार घरखर्चाला जातात व १० हजार उरतात. हळकुंडें रोखीनें घ्यावीं लागतात. तीं घेतल्यापासून पूड विकली जाईपर्यंत ३० दिवस लागतात, आणि पूड नेणारे दुकानदार पुढें ३० दिवसांनीं पैसे देतात. याचा अर्थ हातांतून गेलेला रुपया ६० दिवसांनीं घरीं परत येतो. आणि तोंवर धंदा चालू ठेवावयाचा तर दोन महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे ६ लाख रुपये, सतत बाहेर गुंतलेले असणार.

आतां दुकानदारांनीं ३० दिवसांऐवजीं ६० दिवस लावावयास सुरुवात केली, एवढाच फरक झाला असें समजूं. विक्री तीच, भाव तोच, वहींतला नफाहि तोच. परंतु रुपया आतां ९० दिवस बाहेर राहूं लागला. ६ लाखांच्या जागीं ९ लाख गुंतले. हे वरचे ३ लाख आणावयाचे कोठून? महिन्याला १० हजार शिल्लक पडते, त्या हिशेबानें ते जमावयास ३० महिने लागतील. आणि गरज तर आजची आहे. मग मालक हातउसने काढतो, भिशी उचलतो, घरांतलें सोनें गहाण ठेवतो. वर्षअखेर ताळेबंद पाहिला तर नफाच दिसतो, म्हणून त्याला वाटतें कीं धंदा उत्तम चालला आहे, केवळ चार दिवसांची ओढ आहे. वस्तुतः संकटानें उंबरठा ओलांडलेला असतो.

याच गणिताची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दुकानदार वेळेवर पैसे देत आहेत, पण विक्री एकदम दीडपट झाली, तर महिन्याचा खर्च साडेचार लाखांवर जातो आणि दोन महिन्यांचे पुन्हां ९ लाखच गुंतवावे लागतात. म्हणजे भरभराटीनेंहि तीच ओढ उत्पन्न होते. 'धंदा इतका वाढला होता, मग बुडाला कसा?' या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें, कीं तो भांडवलाच्या मानानें फार लवकर वाढला.

तेव्हां संकटाचें पहिलें लक्षण नुकसान हें नव्हे; पहिलें लक्षण म्हणजे दिवस वाढणें. नुकसान मागाहून येतें. हें लक्षण ओळखावयास मोठी विद्या लागत नाहीं. महिन्यांतून एकदां येणें असलेल्या रकमांचे चार भाग पाडावे: ३० दिवसांच्या आंतल्या, ३१ ते ६० दिवसांच्या, ६१ ते ९० दिवसांच्या आणि त्याहून जुन्या. एकंदर येणें किती, यापेक्षां तें कोणत्या रकान्यांत सरकत आहे, हें महत्त्वाचें. सर्वांत जुना रकाना दर महिन्याला फुगत असेल, तर वहींत 'येणें' म्हणून लिहिलेली रक्कम हळूहळू नामदेवांच्या धोंड्यांच्या अंगावर चालली आहे, असें खुशाल समजावें.

दुसरें लक्षण मालांत दिसतें. चालत्या दुकानाचा माल बदलत राहतो. अडलेल्या दुकानांत तेंच तें फडताळांत बसून राहतें. कापडाच्या घड्या पिवळ्या पडतात, बियाण्याची मुदत संपते, हळदीला कीड लागते व रंग उतरतो. मालक मात्र तो माल खरेदीच्या किंमतीनेंच मोजतो आणि आपल्यापाशीं इतक्या लाखांचा साठा आहे म्हणून निर्धास्त राहतो. कधीं याच्या उलटहि घडतें: रोख रकमेच्या निकडीनें चांगला, चालता माल खरेदीच्या भावाखालीं विकला जातो. गिऱ्हाइकांची गर्दी होते, शेजारपाजारचे हेवा करतात. पण ती गर्दी भरभराटीची नसते.

तिसरें लक्षण कर्जाच्या खात्यांत सांपडतें. धंद्यासाठीं बँकेनें उचलीची मर्यादा दिलेली असते. निरोगी धंद्यांत हें खातें ओहोटी-भरतीसारखें हलतें. माल घेतला कीं उचल वाढते, विकला कीं कमी होते. खातें महिनोन् महिने मर्यादेच्या टोकाला चिकटून राहिलें, तर समजावें कीं फिरतें भांडवल फिरावयाचें थांबलें. पुढची पायरी म्हणजे एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जानें भरणें. ज्या दिवशीं व्याज भरण्यासाठीं कर्ज काढलें जातें, तो दिवस वहीवर खूण करून ठेवण्यासारखा असतो.

चवथें लक्षण असें कीं गल्ला आणि घर यांच्यांतली भिंत पडते. मुलाची फी गल्ल्यांतून जाते; दुकानाचें वीजबिल घरखर्चाच्या पैशांतून भरलें जातें. पूर्वीं निदान पेटींतली रोकड डोळ्यांना दिसे. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय झाली. ती सोय मोठीच आहे. परंतु दुकानाची विक्री आणि घरची भाजी एकाच खात्यांतून जाऊं-येऊं लागली, म्हणजे कमाई किती आणि मोडलेलें भांडवल किती, हें मालकालाच कळेनासें होतें. दोन खातीं वेगळीं ठेवणें आणि स्वतःला महिन्याची ठराविक रक्कम लावून घेणें, हा यावर सोपा उपाय आहे.

पांचवें लक्षण वहींत नव्हे, तर वही न उघडण्यांत आहे. जुन्या पेढ्यांवर दिवस मावळला कीं रोजमेळ लिहून शिल्लक जमवल्याखेरीज कोणी उठत नसे. धंदा अडचणींत आला म्हणजे प्रथम रोजमेळ दोन दिवस मागें पडतो, मग आठवडा, मग महिना. वस्तु व सेवा कराचें विवरण मुदत टळल्यावर दंडासह भरलें जातें. बँकेचीं पत्रें न फोडतांच खणांत जातात. ओळखीचा नंबर दिसला कीं मालक फोन घेत नाहीं. हा आळस नसतो. ती भीति असते. जो आंकडा पाहावयाचें धाडस होत नाहीं, तो आंकडा मनांत ठाऊक असतो.

सहावें लक्षण इतरांच्या वागणुकींत उमटतें. घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात, ही म्हण बाजाराला अक्षरशः लागू पडते. नेहमीं उधार देणारा अडत्या 'या खेपेस रोख द्या' म्हणतो. जुना, भरंवशाचा कामगार दुसरीकडे नोकरी पाहूं लागतो. दिलेला धनादेश वटत नाहीं; आणि १ एप्रिल १९८९ पासून खात्यांत पैसे नसल्यामुळें धनादेश परत जाणें हा गुन्हा ठरला असल्यानें, येथून पुढें कोर्टाची पायरीहि दूर राहत नाहीं. हीं लक्षणें साऱ्या गांवाला दिसतात, म्हणूनच तीं उशिराचीं होत. लवकरचीं लक्षणें घरच्यांनाच दिसतात.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हात आंखडला म्हणजे लगेच धंदा आजारी झाला, असें मानून चालणार नाहीं. मराठवाड्याच्या बाजाराला ऋतु आहेत. पेरणीच्या वेळीं शेतकऱ्याचा सारा पैसा शेतांत जातो, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत गल्ल्यांत फारसें कांहीं पडत नाहीं. सोयाबीन बाजारांत आलें, दिवाळी आली, कीं उधारी वसूल होऊं लागते. हळदीचा पैसा तर मार्चनंतर हातीं येतो. म्हणून या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशीं करणें व्यर्थ होय. ती गेल्या वर्षाच्या याच महिन्याशीं करावी. आषाढांतला कोरडेपणा हा ऋतूचा आहे. पण दिवाळी होऊन गेली, माल विकला गेला, आणि तरीहि जुन्या बाक्या उतरल्या नाहींत, तर तो कोरडेपणा ऋतूचा नव्हे. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या दिवशीं जुन्या वहींतल्या किती बाक्या नव्या वहींत तशाच ओढाव्या लागल्या, हें जो प्रामाणिकपणें मोजतो, त्याला दुसऱ्या ज्योतिषाची गरज पडत नाहीं.

कित्येकदां संकट बाहेरून येतें हेंहि खरें. २०१० सालीं देशांतील बाजारांत हळदीचा भाव क्विंटलमागें १५ हजार रुपयांच्या आसपास चढला होता. २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंत तो पांच हजारांच्याहि खालीं उतरला. चढत्या भावानें साठा करून ठेवणाऱ्याला असा उतार केवढ्याला पडत असेल, याची कल्पना कोणालाहि करतां येईल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं मोठ्या नोटा रद्द झाल्या. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदीनें साऱ्या देशांतले बाजार बंद झाले. असे आघात लहानमोठा पाहत नाहींत. पण दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक ज्याच्या हातीं आहे, त्याला अशा वेळीं विचार करावयास अवधि मिळतो; ज्याचें खातें आधींच टोकाला चिकटलेलें असतें, त्याला तो मिळत नाहीं. बाहेरचा धक्का सर्वांना सारखाच बसतो. भिंत पडते ती आंतून पोखरलेल्या घराची.

बाहेरच्या संकटांत आणखी एक प्रकार येतो, तो म्हणजे एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणें. हिंगोली हें एके काळीं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीचें ठिकाण होतें. ती छावणी १९०३ सालीं उठली. एखाद्या बाजाराचें मोठें गिऱ्हाईक अशा रीतीनें एका हुकुमानें निघून जाऊं शकतें, आणि त्या हुकुमावर दुकानदाराची सही लागत नाहीं. आजहि एखाद्या कारखानदाराचा निम्म्याहून अधिक माल एकच मोठा व्यापारी किंवा एकच कंपनी घेत असेल, तर तें भाग्य म्हणून मिरविण्याआधीं दुसरें गिऱ्हाईक शोधण्यास लागणें शहाणपणाचें.

शहरांत नोकरी करणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना या साऱ्याशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटेल. परंतु पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांची एक मुळी अशा तालुक्याच्या गांवांत रुजलेली असते. कोणाचा भाऊ तेथें दुकान चालवितो, कोणाचे मामा, कोणाचे जावई. एके दिवशीं त्यांच्याकडून निरोप येतो: 'बँकेला एक सही पाहिजे. तुमची नोकरी कायमची आहे, तुमची सही चालते. नांवापुरती आहे.' नात्यापुढें नाहीं म्हणवत नाहीं, आणि सही होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें, करारांत वेगळें कांहीं ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेनें आधीं कर्जदाराचें सर्वस्व विकावें आणि मगच जामिनाकडे वळावें, असें बंधन तिच्यावर नसतें. 'नांवापुरती' सही म्हणून कायद्यांत कांहीं नाहीं. धोंडा जामीन होता तेव्हां तो सोन्याचा झाला. माणूस जामीन होतो तेव्हां त्याच्याच घरचें सोनें जातें.

याचा अर्थ नात्यांतल्या माणसाला मदत करूं नये असा नव्हे. मदत करण्यापूर्वीं विचारावें, एवढेंच. येणें असलेल्या रकमांचा तो चार रकान्यांचा कागद मागावा. उचलीचें खातें वर्षभरांत कितीदां खालीं आलें तें पाहावें. हें कर्ज नव्या यंत्रासाठीं आहे कीं जुन्या हप्त्यासाठीं, हें सरळ विचारावें. हे प्रश्न विचारल्यानें भावाला राग येईल, ही भीति असते. पण हेच प्रश्न दोन वर्षांनीं वकील विचारील, आणि तेव्हां दोघे भाऊ समोरासमोर बसलेले नसतील.

वेळेवर बोलण्याला केवळ शहाणपणाचाच नव्हे, तर कायद्याचाहि आधार आहे. आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. कर्जाचा हप्ता किंवा व्याज थकलें कीं रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें बँक दिवस मोजूं लागते. पहिले ३० दिवस हा एक टप्पा, ३१ ते ६० दिवस हा दुसरा, ६१ ते ९० दिवस हा तिसरा. ९० दिवस उलटले कीं खातें अनुत्पादक ठरतें, आणि मग बँकेची भाषा बदलते. लहान उद्योगांना या ९० दिवसांच्या आंतच हात देतां यावा म्हणून केंद्र सरकारनें २९ मे २०१५ रोजीं एक आराखडा प्रसिद्ध केला आणि रिझर्व्ह बँकेनें १७ मार्च २०१६ रोजीं त्याच्या सूचना बँकांना दिल्या. २५ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीं तो आहे. त्यांतली विशेष गोष्ट अशी कीं, आपला धंदा अडचणींत येत आहे अशी रास्त भीति वाटली, तर उद्योजक स्वतः होऊन बँकेकडे अर्ज करूं शकतो. १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखेच्या पातळीवर होतो. त्यापुढचीं प्रकरणें बँकेच्या समितीकडे जातात. मुदत वाढवून देणें, हप्ते नव्यानें बांधून देणें असे मार्ग तेथें मोकळे असतात.

सर्वोच्च न्यायालयानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं दिलेल्या एका निकालांत हा आराखडा बँकांवर बंधनकारक असल्याचें सांगितलें. परंतु त्याच वेळीं उद्योजकालाहि बजाविलें, कीं खातें अनुत्पादक ठरण्यापूर्वींच त्यानें आपण या वर्गांतले उद्योजक आहों याचा पुरावा बँकेपुढें ठेवला पाहिजे. अर्थात् उद्यम नोंदणीचा कागद जवळ असावा आणि अर्ज मुदतींत जावा. जो गप्प बसला, त्याच्यासाठीं दार उघडें असूनहि बंदच.

मालाचे पैसे अडकले असतील, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदाहि उपयोगी पडतो. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरीहि, ४५ दिवसांपलीकडे लांबवितां येत नाहींत. लांबविल्यास बँक दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागतें. मात्र हा आधार माल तयार करणाऱ्यांसाठीं व सेवा देणाऱ्यांसाठीं आहे. वरच्या उदाहरणांतला हळद दळणारा कारखानदार त्यांत बसतो. केवळ खरेदी-विक्री करणारा दुकानदार बसत नाहीं. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाहि उद्यम नोंदणी मिळूं लागली, ती अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. दुकानदाराला आपली उधारी आपल्याच वहीनें सांभाळावी लागते.

ती सांभाळण्याचा उपायहि साधाच आहे. दर आठवड्याला एका कागदावर चार आंकडे लिहावे: हातांत व बँकेंत शिल्लक किती, पुढील चार आठवड्यांत येणार किती, त्याच चार आठवड्यांत द्यावयाचे किती, आणि ६० दिवसांहून जुनी उधारी किती. येणाऱ्या रकमेंत आशेवरचे पैसे धरूं नयेत. ज्यानें मागचे तीन वायदे मोडले, त्याचा चवथा वायदा शून्य समजावा. देणें येण्याहून अधिक दिसलें, तर उधार माल देणें त्या दिवसापासून आंखडावें, पडून राहिलेला माल मिळेल त्या रास्त भावानें काढावा, जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जाऊन थोडीथोडी वसुली बांधून घ्यावी, आणि बँकेत हप्ता चुकण्याच्या आधीं जावें, चुकल्यावर नव्हे. हा कागद घरांतल्या दुसऱ्या एका माणसानें पाहावा. पत्नीनें, मोठ्या मुलानें, मुलीनें. एकट्याच्या डोळ्यांना आशा फसवूं शकते. दोघांच्या डोळ्यांना तितकी नाहीं.

कधीं कधीं असा कागद चार महिने लिहिल्यावर एकच उत्तर पुढें येतें: हा धंदा आतां चालणारा नाहीं. तें उत्तर लवकर आलें, तर तेंहि उपयोगाचेंच. माल शिल्लक आहे, यंत्राला किंमत आहे, घरावर बोजा चढलेला नाहीं, अशा वेळीं दुकान बंद करणारा माणूस सर्वांचें देणें फेडून मानानें बाहेर पडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. हें दिवाळें नव्हे. हा व्यवहार होय. वर्षभर अब्रू झांकण्यासाठीं जो दुकान उघडें ठेवतो, तो पुष्कळदां घर, दागिने आणि नातीं गमावून शेवटीं तेंच दुकान बंद करतो. सावकाराच्या किंवा बँकेच्या तगाद्याखालीं एकाकी पडलेल्या माणसाच्या मनांत काय काय येतें, हें मराठवाड्याला सांगावयास नको.

म्हणूनच या साऱ्या लक्षणांतलें सर्वांत वाईट लक्षण पैशाचें नाहीं. तें मुकेपणाचें आहे. रात्रीं उशिरापर्यंत जागा असणारा, जेवतांना न बोलणारा, 'दुकान कसें चाललें आहे?' या साध्या प्रश्नावर चिडणारा माणूस घरांत असेल, तर त्याच्यावर रागावूं नये. शांतपणें त्याच्यापाशीं बसावें आणि वही मागावी. ती वही उघडतांना त्याचे हात कांपतील. पण वही उघडली म्हणजे निम्मी भीति उतरते. कारण तोंवर जें एकट्याचें ओझें होतें, तें घरच्यांच्यांत वांटलें जातें, आणि मोजलेल्या संकटावर कांहींना कांहीं उपाय सुचतो.